निक्षेप आणि विसर्जन

गतवर्षीच्या कार्तिकात आमच्या घरी एक हानी झाली. तिचा आकडा कोणत्याही जमाखर्चात मांडता येणार नाही आणि तिच्यासाठी कोणी समाचारालाही आले नाही. तथापि त्या हानीने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तो केवळ आमच्या घरचा नाही, अशी खात्री वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या वडिलांनी १९७८ साली एक कॅसेट रेकॉर्डर घेतला. पुढली वीस-बावीस वर्षे देवळातली कीर्तने, जत्रेच्या रात्री होणारी नाटके, चवथीच्या आरत्या, लग्नामुंजींतली मंगलाष्टके आणि घरच्या वडीलधाऱ्यांची बोलणी असे जे जे कानी पडे ते ते त्यांनी फितीवर साठविले. अशा ११८ कॅसेट त्यांच्यामागे राहिल्या. आमच्याकडील पावसाळ्यात फितीवर बुरशी चढते, हे सांगावयास नको. म्हणून २०१४ च्या चातुर्मासात आम्ही आणि आमचा पुतण्या यांनी मिळून त्या एकेक करून संगणकावर उतरवून घेतल्या व बुरसलेल्या फिती टाकून दिल्या. त्यांतील एकीवर आमच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, सारी मिळून बावीस मिनिटे. आत्या बेळगावास दिलेली. चवथीला माहेरी आली असता वडिलांनी तिला जात्याशी बसविले व ओव्या म्हणून घेतल्या. आरंभी तिने विचारले होते, "दादा, म्हजो आवाज ह्या डब्यांत उरतलो?" वडील म्हणाले, "उरतलो."

तो उरला नाही. संगणकावर जागा अपुरी पडू लागली तेव्हा 'जुने २' असे नाव दिलेले एक फोल्डर, त्याची प्रत अन्यत्र आहे या भरवशावर, आम्ही पुसून टाकले. प्रत अन्यत्र होती हे खरे. परंतु ज्या व्यवस्थेने ती ठेवली होती तिचे काम दोन्ही ठिकाणे तंतोतंत सारखी ठेवणे एवढेच होते. तिने आमची आज्ञा दुसऱ्या ठिकाणीही तत्परतेने पाळली. पुसलेली वस्तू ३० दिवस राखून ठेवावी अशी तिची रीत होती. आमच्या ध्यानी गोष्ट आली ती दोन महिन्यांनी. आतेभावाच्या कन्येने शाळेतील एका कार्यक्रमासाठी पूर्वी कधी त्यातील सहा मिनिटांचा तुकडा मोबाईलवर मागवून घेतला होता, तेवढा मात्र तिच्याकडे सापडला. आत्याचा तो प्रश्न त्या तुकड्यात नाही.

आतेभावास ही वार्ता सांगणे प्राप्त होते. आम्ही सांगितली, आणि धंद्याच्या सवयीने सोबत थोडे समर्थनही केले: संगणक आमचा, फोल्डर आमचे, चूक अजाणता झालेली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "फाइल तुझी होती. आई माझी होती."

न्यायालयात वीस वर्षे युक्तिवाद करूनही या वाक्याला उत्तर आम्हांस सुचले नाही. आणि आता वाटते, ते सुचू नये हेच बरे.

२

फीत कायद्याने आमच्याकडे वारसाहक्काने आली, यात शंका नाही. परंतु फितीवरचा आवाज कोणाचा? जिने तो दिला तिचा, आणि जे अजून तो ऐकावयाचे आहेत त्यांचा. आम्ही मधले. अशा मधल्या माणसासाठी आपल्या धर्मशास्त्रात एक नेमका शब्द आहे: निक्षेप सांभाळणारा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात विश्वासाने सोपविलेल्या वस्तूविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तू जशी ठेवली तशी परत करावी, हा त्याचा गाभा; मात्र ती राजाने नेली, दैवाने नष्ट केली किंवा तस्कराने हरण केली, तर सांभाळणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १५१ वे कलम याच वाटेने जाते: सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी पराव्याच्या वस्तूची घ्यावी. तेवढी घेऊनही वस्तू गेली, तर निराळा करार नसल्यास १५२ वे कलम त्याला मोकळे करते.

आमच्या प्रकरणात राजा नव्हता, दैव नव्हते, तस्करही नव्हता. होता तो चौथा, आमचाच प्रमाद. आणि त्यास वरील कोणत्याच शास्त्राने सूट दिलेली नाही.

यंदाच्या चवथीला घर भरले तेव्हा हा विषय आपोआप निघाला. उरलेला संग्रह लहान नाही. संगणकावर उतरविलेला एक तासाचा ध्वनी कोणतीही काटछाट न करता ठेवल्यास सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. ११८ कॅसेटचे ७५ जीबी होतात. त्यात तीन घरांतली छायाचित्रे आणि चलच्चित्रे मिळविली म्हणजे साडेसहाशे जीबीच्या आतबाहेर जाते. हे सगळे सांभाळण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे? पुतण्या म्हणाला, एखाद्या मोठ्या सेवेवर चढवून मोकळे व्हावे. वडोदऱ्याहून आलेल्या आमच्या भगिनी म्हणाल्या, दोन हार्ड डिस्क आणून कपाटात ठेवाव्यात, परक्याच्या दारी आपले घर मांडू नये. प्रश्न यंत्राचा म्हणून सुरू झाला. आम्हांस मात्र त्यात स्मृतिकारांचे ते तीन धोके आणि चौथा आमचा, असे चारही स्पष्ट दिसू लागले. मग याच चार प्रश्नांनी प्रत्येक साधनाची उलटतपासणी घ्यावी, असे ठरविले.

३

प्रथम राजा. आजच्या काळी आपल्या ठेवींचा राजा म्हणजे ज्याच्या यंत्रावर त्या ठेवल्या तो सेवादाता. तो दुष्ट असतो असे नव्हे; परंतु राज्य त्याचे, म्हणून नियमही त्याचे. गुगल फोटोजने २०१५ पासून ठराविक दर्जाची छायाचित्रे अमर्याद आणि विनामूल्य ठेवून घेतली; १ जून २०२१ पासून ती सवलत संपली आणि नवी छायाचित्रे १५ जीबीच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. घरगुती ग्राहकांसाठी नावाजलेली क्रॅशप्लॅन ही सेवा बंद होणार असल्याची घोषणा २०१७ च्या ऑगस्टात झाली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात ती बंद पडली. दोन्ही वेळी पूर्वसूचना मिळाली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु सूचना मिळते ती जिवंत आणि सावध ग्राहकास. ज्याचे खाते आहे तो निवर्तला असेल, तर ती कोणाच्या हाती पडावी?

येथे आमच्या वाचकांना एका घरच्या गोष्टीचे स्मरण देतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गावांत देवळांवर संकट आले तेव्हा श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आणि श्रीम्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळास नेण्यात आली. मूर्ती ही काही प्रत नव्हे. तेव्हा हे उदाहरण ताणू नये. परंतु त्यातील एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आपल्या पूर्वजांनी देव शेजारच्या गावी लपविले नाहीत. ते जुवारीपलीकडे, जेथे त्या राजाचा हुकूम चालत नव्हता आणि आदिलशाहीचा अंमल होता, अशा अंत्रुज महालात नेले. वकिलाच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी अधिकारक्षेत्र बदलले. एकाच संकटाच्या कक्षेत ठेवलेल्या दोन वस्तू मोजावयास दोन असतात, पण संकटाला त्या एकच दिसतात. एका कपाटातल्या दोन डिस्क, एका खात्यातली दोन फोल्डरे, ही सारी एकाच राज्यात आहेत.

दुसरे दैव. डिस्क एके दिवशी बंद पडते, वीज कोसळते, पुराचे पाणी घरात शिरते. यासाठी जाणकारांत एक नियम रूढ आहे, तो पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केला: प्रती ३, त्या २ प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी १ घराबाहेर. नियम एका बोटावर शिकविता येतो आणि बहुतेक घरांत पाळला जात नाही.

परंतु दैवाचा दुसराही एक प्रकार आहे, तो गाजावाजा न करता येतो. डिस्क चालू असते, फाइलचे नाव जागेवर असते, पण आतला एखादा कण पालटलेला असतो. आणि पुढल्या प्रत्येक प्रतीत तो दोष इमानाने उतरतो. ही भीती आपल्या वैदिकांना पुरी ठाऊक होती. केवळ संहिता पाठ करून ते थांबले नाहीत. पदपाठात शब्द सुटे केले. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा असे जोडीने म्हटले. जटेत तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. घनात त्याहून गुंतागुंतीची वीण. एखादा शब्द ढळला तर दुसऱ्या पाठाशी ताळा जमत नाही आणि चूक उघडी पडते. जतन करण्याइतकेच ताळा पाहणे महत्त्वाचे, हे तत्त्व त्यात आहे. चांगले बॅकअप सॉफ्टवेअर हेच काम हॅश नावाच्या गणिताने करते. फाइल कितीही मोठी असो, एसएचए-२५६ या पद्धतीने तिची ६४ अक्षरांची एक मुद्रा निघते. आत एक कण बदलला तरी मुद्रा ओळखू न येण्याइतकी बदलते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली संगणकीय पुरावा दाखल करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यातही ही मुद्रा नोंदवावी लागते. न्यायालयात ज्या सावधगिरीवाचून पुरावा पुढे जात नाही, तिच्यावाचून आईचा आवाज पुढल्या पिढीकडे धाडावा काय?

तिसरा तस्कर. आजचा तस्कर वस्तू नेत नाही. ती जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीचे मोल मागतो. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या अशा हल्ल्याने जगभर संगणक अडविले होते. जी डिस्क संगणकाला सदोदित जोडलेली असते तीही अशा वेळी त्याच्याबरोबरच अडकते. यास्तव एक तरी प्रत एरवी सुटी असावी आणि काम होताच पुन्हा सुटी करावी. तस्कराचे दुसरे रूप सौम्य आहे. घरच्या फितींत केवळ ओव्या नसतात. आजारपणातली कण्हणी असतात, वाटणीच्या वेळचे कडू शब्द असतात. आपल्या हयात नसलेल्या माणसांची लाज राखणे हाही निक्षेपाचाच भाग होय. म्हणून जी प्रत परक्या यंत्रावर जाईल ती आपल्या घरातून निघण्यापूर्वीच गुप्तलिपीत बंद झालेली असावी. रेस्टिक आणि बोर्ग ही दोन विनामूल्य साधने हे करतात. बोर्ग प्रामुख्याने लिनक्स व मॅक यांवर चालते. रेस्टिक विंडोजवरही चालते, आणि आमच्या घरातल्या बहुतेक संगणकांवर विंडोजच असल्याने निवड तेथेच निम्मी झाली.

४

राहिला चौथा, प्रमाद. आणि आमचे म्हणणे असे की घरगुती संग्रहाचा खरा वैरी हाच आहे. येथे दोन जातींच्या साधनांतला भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण आम्ही तो न समजल्यानेच फसलो.

पहिली जात आरशाची. मूळ जसे असेल तसे दुसरीकडे दिसावे, हे तिचे व्रत. १९९६ साली निघालेले आरसिंक हे साधन प्रती करण्यात आजही अत्यंत विश्वासू आहे. पण मूळ ठिकाणी पुसलेले दुसरीकडेही पुसावे अशी आज्ञा त्यास दिली, की ते पुसते. सिंकथिंगचे कर्ते तर स्वतःच सांगतात की हे साधन बॅकअपसाठी उत्तम नव्हे. अशा साधनांचा यात दोष नाही. आरशासमोर आपण चेहरा फासला, तर आरशाने तो स्वच्छ का दाखवावा?

दुसरी जात वहीची. ती दर खेपेस त्या दिवशीची स्थिती नोंदते आणि मागली पाने तशीच ठेवते. आज फोल्डर पुसले तरी श्रावणातले पान उघडून ते परत घेता येते. रेस्टिक या जातीचे. त्यातील एक गोष्ट आमच्या मनात फार भरली. त्यात जुने पान आपोआप जात नाही. ते काढावयाचे तर 'फरगेट', म्हणजे विसर, अशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागते. आणि तेवढ्यानेही मजकूर नष्ट होत नाही, त्यासाठी 'प्रून', म्हणजे छाटणी, करावी लागते. विसरण्यासाठीही संकल्प लागतो, असे या साधनाच्या कर्त्यांनी मानलेले दिसते.

येथे कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, आणि आमच्या घरात एका वृद्ध काकांनी म्हटलेच, की हा सगळा मोहाचा पसारा आहे. आपला धर्म तर सोडावयास शिकवितो. देह अग्नीला देतो, अस्थी पाण्यात सोडतो, ज्या गणपतीची एवढ्या प्रेमाने पूजा करतो त्याचेही विसर्जन करतो. आणि तुम्ही एका आवाजासाठी तीन-तीन डिस्का जपता! माणूस गेले, त्याचा आवाजही जाऊ द्यावा.

हा आक्षेप पोकळ नाही. संग्रह हाच पुरुषार्थ समजून जो प्रत्येक जेवणाचे छायाचित्र साठवितो, त्याच्या वारसास त्या ढिगात आजीचा चेहरा सापडत नाही. अतिसंग्रह हाही विस्मृतीचा एक प्रकार आहे. काकांचा उपदेश तेवढ्यापुरता आम्ही शिरोधार्य मानला आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशी चौघांनी बसून शेकडो निरर्थक चित्रे काढून टाकली.

परंतु विसर्जन म्हणजे काय, ते आपल्या आचारातच पाहावे. गणपती पाण्यात सोडतो तो नेमल्या दिवशी, उत्तरपूजा करून, घरातल्या सर्वांनी हात लावून, पुन्हा येण्याची विनंती करून. हीच मूर्ती आणताना कोणाच्या हातून निसटून फुटली, तर घर सुन्न होते. माती तीच, पाणीही अखेर तेच. पण त्यास कोणी विसर्जन म्हणत नाही. जे आपण जाणून सोडतो तो त्याग. जे आपल्या नकळत गळते तो प्रमाद. प्रमादावर मागाहून वैराग्याचे पांघरूण घालणे ही आत्मवंचना आहे, आणि आत्याच्या ओव्या गेल्यावर आम्ही स्वतः दोन दिवस ती केली, हे कबूल करतो. 'सगळेच नाशवंत आहे' असे आम्ही मनाशी म्हणालो. आतेभावापुढे ते म्हणण्याचे धैर्य झाले नाही. जे तत्त्वज्ञान ज्याचे नुकसान झाले त्याच्या तोंडावर सांगता येत नाही ते आपल्या सोयीचे असते, असे समजावे.

म्हणून आमचा निष्कर्ष काकांच्या उलट नाही, त्यांच्या पुढचा आहे. ज्याला सोडावयाचे आहे त्यानेच आधी नीट धरले पाहिजे. हातात नसलेली वस्तू सोडता येत नाही.

५

आता शेवटची अडचण, आणि वकील या नात्याने आम्हांस ती सर्वांत मोठी वाटते. गुप्तलिपीत बंद केलेल्या प्रतीचा पासवर्ड हरवला, तर ती प्रत आपल्यालाही कायमची बंद. रेस्टिकचे कर्ते याविषयी स्पष्ट इशारा देतात. मृत्युपत्रे करून घेताना आम्ही घरे, बागायती, दागिने यांची कलमे शेकड्यांनी लिहिली असतील. पासवर्ड कोठे आहे हे कलम गेल्या काही वर्षांपर्यंत आम्हीही कधी लिहिले नव्हते. मालक गेला की वस्तू असून नसल्यासारखी होते. चोरापासून राखलेला निक्षेप वारसापासूनही राखला गेला, तर त्यास राखणे म्हणावे काय?

देवस्थानांच्या जुन्या तिजोरीला एकाहून अधिक कुलुपे असत आणि किल्ल्या निरनिराळ्या पदाधिकाऱ्यांच्या हाती असत, हे अनेक महाजनांना माहीत असेल. सर्व किल्ल्या एकत्र आल्याखेरीज पेटी उघडत नसे. ती योजना लोभाविरुद्ध होती. घरच्या आवाजांना लोभाचे भय थोडे, विस्मरणाचे अधिक. म्हणून येथे योजना उलटी हवी: पेटी एक, किल्ल्या अनेक, आणि कोणत्याही एका किल्लीने ती उघडावी. रेस्टिकमध्ये एकाच संग्रहाला असे अनेक पासवर्ड देता येतात. आम्ही तीन दिले. एक आमच्याकडे, एक वडोदऱ्यास, आणि एक बेळगावास आतेभावाकडे. तो त्यांच्या हाती देताना आम्ही काही बोललो नाही. त्यांनीही कागद वाचून खिशात ठेवला.

परंतु पासवर्ड असूनही ज्याला रेस्टिक हे नावही उच्चारता येत नाही, त्याने काय करावे? यासाठी दुसरी प्रत अगदी साधी ठेवली. गुप्तलिपी नाही, विशेष सॉफ्टवेअर नाही. डिस्क जोडली की फोल्डर दिसतात आणि फाइल वाजते. खासगी फिती तेवढ्या तीतून वगळल्या. ही डिस्क बेळगावास असते आणि वर्षातून दोनदा, चवथीला व जत्रेला, येथे येऊन ताजी होऊन परत जाते. गुप्त व दिनांकवार प्रत दूरच्या एका सेवेवर, साधी प्रत नात्यातल्या दुसऱ्या घरी, आणि मूळ संग्रह येथे. असे तीन ठाव झाले. पुतण्याचे म्हणणे राहिले आणि भगिनींचेही राहिले. कोणते सॉफ्टवेअर सर्वांत उत्तम, याचा निवाडा आम्ही केलेला नाही. चारही धोक्यांना एकटे पुरे पडेल असे एकही नाही, एवढे मात्र ठरले.

तरीही एक तपासणी उरली होती. १९९८ साली पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकलेल्या आज्ञेने त्याचा फार मोठा भाग पुसला गेला; आणि ज्या बॅकअपवर सर्वांची भिस्त होती तो नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघडकीस आले. लहान मुलामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाईंच्या घरी एक प्रत होती, म्हणून १९९९ साली तो चित्रपट जगापुढे आला. एवढ्या मोठ्या संस्थेने प्रत ठेवली होती. परत घेऊन पाहिली नव्हती. निक्षेपाची कसोटी ठेवण्यात नाही, परत देण्यात आहे, हे स्मृतिकारांचे म्हणणे यंत्रालाही लागू पडते. आमच्या मते सॉफ्टवेअर निवडताना विचारावयाचा पहिला आणि शेवटचा प्रश्न हाच: ज्या दिवशी हे लागेल त्या दिवशी मी नसेन, तर मागच्यांना ते परत मिळेल काय?

म्हणून गौरी-गणपती उठल्यावर आम्ही परीक्षा घेतली. पुतण्यास एक नवा कोरा संगणक दिला आणि दूरच्या प्रतीतून एका नाटकाचा पहिला अंक परत आणावयास सांगितले; त्याला दीड तास लागला, पण अंक पुरा आला. साधी डिस्क आतेभावाच्या मुलीच्या हाती दिली. ती आता कॉलेजात जाते. आम्ही ओसरीवर बसून राहिलो आणि आत डोकावायचे नाही असे स्वतःस बजावले. दहा मिनिटे गेली नसतील, आतून जात्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यामागून आत्याचा आवाज. ओवी मधूनच सुरू होते, कारण त्या सहा मिनिटांना आरंभ नाही.

आतेभाऊ आमच्याशेजारीच बसले होते. तुकडा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा माझ्याकडच्या संगणकावरही लावून बघूया."

गेलेली सोळा मिनिटे कोणत्याही साधनाने परत येणार नाहीत, आणि त्यांचा हिशेब आमच्या नावावर राहील. उरलेल्यांपुरते मात्र आम्ही आता मालक नाही. कार्तिकात जत्रेला ती डिस्क पुन्हा येईल, तेव्हा तिचा ताळा आतेभावांनी पाहावा असे ठरले आहे.